सिक रूममधील मदतनीस आणि तिच्या कामाची हद्द

मुलाची प्रकृती रोजच्यापेक्षा वेगळी दिसते आहे हे वेळेवर ओळखणे, जे दिसले ते लिहून ठेवणे आणि मूल योग्य हाती सोपवणे एवढेच शाळेत नेमलेल्या परिचर्या साहाय्यकाचे काम आहे, हे तत्त्वतः कोणीही मान्य करील. परंतु पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील शाळांकडे पाहिले, तर या तीन क्रियांपैकी सोपवण्याची क्रिया सर्वांत लंगडी राहिल्याचे दिसते. साहाय्यकाकडून हद्द ओलांडली जाते ती बहुतेक वेळा पलीकडे मूल हाती घेणारे कोणी नसल्यामुळे. तिच्या धाडसाचा त्यात फारसा भाग नसतो.

परिचर्या साहाय्यक कोणाला म्हणावे, याचा उलगडा आधी करणे आवश्यक आहे. तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग हा अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली स्त्री अथवा पुरुष ही पूर्ण अर्थाने परिचारिका होय. बारावीनंतर दोन वर्षांचे शिक्षण घेऊन उपकेंद्रात काम करणारी एएनएम, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, हीदेखील नोंदणीकृतच असते, मात्र तिचे शिक्षण प्रामुख्याने माता, बालक आणि लसीकरण यांभोवती फिरते. आणि या दोघींच्या खाली ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ या नावाने चालणारा काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेले मदतनीस येतात, ज्यांची परिषदेकडे नोंदणी होत नाही आणि ज्यांनी परिचारिकेच्या देखरेखीखालीच काम करावे अशी अपेक्षा असते. शाळेच्या आवारात मात्र या तिघांनाही मुले, शिक्षक आणि पालक ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतात, आणि ज्या खोलीत एक खाट, एक वजनकाटा, प्रथमोपचाराची पेटी आणि नोंदवही असते तिला सिक रूम म्हणतात. तिथे बसणाऱ्या व्यक्तीला काय येते आणि काय येऊ नये, याचा विचार नेमणुकीच्या वेळी क्वचितच होतो.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत असे पद मंजूरच नाही. तिथे आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमानुसार दोन शिक्षकांना, एक पुरुष आणि एक स्त्री असे, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले जाते, आणि लसीकरणासाठी उपकेंद्रातील सिस्टर येऊन जातात. साहाय्यक नेमलेले दिसतात ते निवासी शाळांत, वसतिगृहांत, काही आश्रमशाळांत आणि बारामती शहराच्या आसपास वाढलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. आणि तिथेही तिच्या वर नोंदणीकृत परिचारिका असण्याऐवजी मुख्याध्यापक किंवा रेक्टर असतात, म्हणजे ज्यांना आरोग्यविषयक निर्णयाचे शिक्षण नाही अशी माणसे तिला आरोग्यविषयक आदेश देतात.

शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. भारतात अशी तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ साली, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. त्याच्या काही वर्षे आधी, १९०२ साली, न्यूयॉर्कमध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला शाळांमध्ये पाठवण्यात आले होते, आणि त्यामागचे कारण आजही विचार करण्याजोगे आहे: डॉक्टर शाळेत येऊन खुपऱ्या, खरूज, उवा असलेली मुले शोधून काढत आणि घरी पाठवत, पण घरी गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले हे पाहायला कोणी नसल्याने ती आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राहत. रॉजर्स यांनी किरकोळ विकारांवर शाळेतच उपचार सुरू केले, घरोघरी जाऊन आयांना समजावले, आणि वर्षभरात गैरहजेरी एकदम उतरली. दोष शोधणे आणि दोषाचा पाठपुरावा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्या प्रयोगाने कायमचे सिद्ध केले. भारतात भोर समितीने १९४६ मध्ये आणि स्वातंत्र्यानंतर १९६० साली नेमलेल्या रेणुका राय समितीने शालेय आरोग्यसेवेचा आग्रह धरला. तरीही पाठपुरावा हा भाग कच्चाच राहिला.

सध्याची मुख्य व्यवस्था म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथीसारख्या शाखांचे पदवीधर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक गाडीने गावोगाव फिरते, अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासते, आणि जन्मजात व्यंग, कमतरतेचे आजार, बालपणातील रोग आणि विकासातील विलंब यांपैकी काही आढळल्यास संदर्भचिठ्ठी देते. चिठ्ठी उपजिल्हा रुग्णालयाची असली, म्हणजे बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिलीची किंवा इंदापूरची, तर पालक बहुधा जातात; पण ती पुण्याची असली, तर इंदापूर तालुक्यातल्या शेतमजुराला दिवसाची मजुरी बुडवून सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते आणि चिठ्ठी दप्तरातच राहते. उपचार मोफत आहे, हृदयाची शस्त्रक्रियादेखील या कार्यक्रमातून होते, हे पालकाला पुनःपुन्हा आणि त्याच्या सवडीने सांगणारे माणूस शाळेत असणे, हा साहाय्यकाच्या नेमणुकीचा सर्वांत मोठा उपयोग आहे, आणि त्यासाठी कोणतेही औषध द्यावे लागत नाही.

तपासणीच्या अचूकतेचेही तसेच आहे. दृष्टी तपासताना तक्ता सहा मीटरवर लावायचा, एक डोळा तळहाताने झाकायचा पण दाबायचा नाही, एवढे नियम पुस्तकात असतात. रांगेतल्या पुढच्या मुलाने मोठ्याने वाचलेली ओळ मागच्याला पाठ होते आणि काहीच न दिसणारे मूल घडाघडा बरोबर उत्तरे देते, हे मात्र तपासणाऱ्याला कामातूनच कळते. जाणती साहाय्यक रांग दाराबाहेर ठेवते, ओळ उलटीकडून वाचायला लावते आणि डोळे बारीक करून पाहणाऱ्या मुलाच्या नावापुढे खूण करून ठेवते. पथकाच्या एका दिवसाच्या धावपळीत जे निसटते, ते वर्षभर त्याच मुलांत वावरणाऱ्या व्यक्तीच्या नजरेत येते. वही नाकाशी धरणारे मूल तिला जेवणाच्या सुट्टीतही दिसत असते.

या कामाची खरी परीक्षा पोटदुखीत होते, कारण सिक रूममध्ये येणाऱ्या तक्रारींत तिच्याइतकी नित्याची आणि तिच्याइतकी फसवी दुसरी तक्रार नाही. ‘सिस्टर, पोटात दुखतंय’ या एका वाक्यामागे सकाळी काही न खाल्ल्याची भूक असते, गणिताच्या चाचणीची भीती असते, पहिल्यांदाच आलेली आणि कोणाला सांगता न येणारी पाळी असते, जंत असतात, लघवीचा संसर्ग असतो, आणि क्वचित आंत्रपुच्छाचा दाहही असतो, ज्यात वेदना बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजव्या कुशीत खाली सरकते आणि मूल चालताना वाकते. यांतले कोणते कारण आहे याचे निदान करणे हे साहाय्यकाचे काम नव्हे, आणि तसा प्रयत्नही तिने करू नये. पण दुखणे कधी सुरू झाले, कुठे आहे, सरकले का, उलटी झाली का, ताप किती, मूल उडी मारू शकते का, सकाळी काय खाल्ले, हे सारे विचारून वेळेसह लिहून ठेवणे हे तिचेच काम आहे, कारण पुढे डॉक्टर जे विचारतील त्याची उत्तरे त्या घटकेला फक्त तिलाच ठाऊक असतात. वेदनाशामक गोळी देऊन वर्गात परत पाठवणे ही या ठिकाणची सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची चूक, कारण दाबलेली वेदना डॉक्टरांची दिशाभूल करते आणि मौल्यवान तास निघून जातात.

निवासी शाळेत पोटदुखीला आणखी एक अर्थ असू शकतो, जो या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने मनात पक्का ठेवायला हवा. नीरेच्या कालव्यांनी भिजलेल्या बागायती पट्ट्यात उसाच्या फडांमुळे उंदीर आणि त्यांच्यामागे साप वस्तीपर्यंत येतात. त्यांतला मण्यार रात्री निघतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि त्याच्या दंशाची खूण किंवा वेदना जवळजवळ नसते. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, घसा दुखतो, गिळता येत नाही म्हणते आणि त्याच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात. झोप झाली नसेल म्हणून अशा मुलाला पुन्हा झोपवले, तर श्वसनाचे स्नायू लुळे पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पोटदुखी आणि खाली येणाऱ्या पापण्या ही जोडी ओळखणे, दंशाची जागा शोधत न बसता, काही न बांधता, न कापता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे आणि प्रतिविषाची व कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयाला आधी दूरध्वनी करणे, एवढ्यानेच जीव वाचतो. विंचवाच्या बाबतीत असाच एक उलटा वाटणारा नियम आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातील विंचूदंशाचा आयुष्यभर अभ्यास करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला, आणि त्यांच्या कामातून हेही स्पष्ट झाले, की नुसती तीव्र ठणक असलेल्या मुलापेक्षा, ठणक फारशी नसूनही ज्याला दरदरून घाम सुटला आहे, उलट्या होत आहेत आणि ज्याचे हातपाय गार पडले आहेत, त्या मुलाच्या हृदयाला अधिक धोका असतो. आरडाओरडा करणाऱ्याकडे धावणे आणि गप्प बसलेल्याला वाट पाहायला लावणे ही माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती; साहाय्यकाच्या प्रशिक्षणाने तीच बदलावी लागते.

औषधांच्या बाबतीत हद्द कुठे आखावी, यावर शाळांत सर्वाधिक गोंधळ आढळतो. वैद्यकीय व्यवसाय नोंदणीशिवाय करणे महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार गुन्हा आहे, हे सर्वांना ऐकून माहीत असते, परंतु ‘तापाची एक गोळी’ देणे म्हणजे वैद्यकीय व्यवसाय असे कोणालाच वाटत नाही. पॅरासिटामॉल हे साधे औषध घेतले, तरी मुलाला त्याची मात्रा वजनावर द्यावी लागते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे पहिलीतल्या १८ किलोच्या मुलाला १८० ते २७० मिलिग्रॅम पुरतात आणि पेटीतली गोळी असते ५०० ची. पातळ औषध घ्यावे, तर बाजारात पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेली बाटलीही मिळते आणि २५० असलेलीही, आणि ‘एक चमचा’ या शब्दाचा अर्थ बाटलीगणिक दुप्पट होतो. त्यातच मुलाला घरून सकाळी एक मात्रा देऊन पाठवलेले असते. म्हणून पालकाची वर्षारंभी घेतलेली लेखी संमती, आणि डॉक्टरने सही करून दिलेल्या स्थायी सूचना, म्हणजे कोणत्या लक्षणाला, किती वजनाच्या मुलाला, कोणते औषध, किती वेळा आणि कोणत्या टप्प्यावर थांबून कोणाला कळवायचे हे सांगणारा कागद, या दोन्ही हाती नसतील, तर पट्टी, थंड पाणी, साखरमिठाचे पाणी आणि विश्रांती यांपलीकडे साहाय्यकाने जाऊ नये. असा कागद नसलेल्या शाळेत ‘सिस्टर आहेत ना, मग एवढ्यासाठी डॉक्टर कशाला’ असे तिला ऐकवले जाते. तेव्हा नकार देण्याचे बळ तिच्या अंगी यावे यासाठीही तो कागद हवा.

सरकारी कार्यक्रमांतील औषधे यापेक्षा वेगळी असतात, कारण त्यांची मात्रा वरून ठरून आलेली असते: १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी लोहगोळी, लहानांना गुलाबी, आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी. इथेही साहाय्यकाचे कसब दिसते ते गोळी वाटण्यापेक्षा आधीच्या तयारीत. खिचडी खाल्ल्यावरच गोळी द्यायची, आजारी मुलाला त्या दिवशी वगळायचे, शौचाचा रंग काळा होईल पण घाबरायचे नाही हे आदल्या दिवशीच सांगायचे, आणि एखाद्याला मळमळले तर त्याला शांतपणे बाजूला न्यायचे. कारण एका मुलाची उलटी साऱ्या वर्गाने पाहिली, की भीती पसरते आणि गावात अफवा उठते.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की या दोन तालुक्यांत शाळेचे चित्र पालटते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या परिसरात बीड आणि अहिल्यानगरकडील टोळ्या उतरतात, फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि आईबाप पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन गेल्यावर मागे राहिलेली मुले जवळच्या शाळेत येतात किंवा येतच नाहीत. या मुलांचे लसीकरणाचे कार्ड गावी राहिलेले असते, कोणत्या वर्षी काय टोचले हे आईला सांगता येत नाही, खरूज एकाच गोधडीतून सगळ्या भावंडांत फिरते, आणि उपचार पूर्ण होण्याआधी टोळी पुढच्या फडाला हलते. एका खरूज झालेल्या मुलाला मलम देऊन भागत नाही, तर कोपीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावे लागते आणि पांघरुणे उकळून उन्हात टाकावी लागतात. हे सांगायला साहाय्यकाने संध्याकाळी कोपीपर्यंत जावे असे म्हणणे सोपे आहे, पण तिच्या नेमणूकपत्रात ना तो वेळ धरलेला असतो ना तो प्रवास. तिला शाळेच्या फाटकापर्यंतच जबाबदार धरायचे असेल, तर फाटकाबाहेरचे काम आशा कार्यकर्तीकडे नावानिशी जायला हवे, आणि त्या दोघींची ओळख करून देणे हे मुख्याध्यापकाचे काम आहे.

दीर्घ आजाराची मुले संख्येने थोडी असली, तरी साहाय्यकाच्या दिवसाला आकार त्यांच्यामुळेच येतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली टाइप १ मधुमेहाच्या मुलांना शाळेत रक्तशर्करा तपासण्याची, इन्शुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा द्यावी असे कळवले. पण मुभा देणे आणि सोय करणे यांत अंतर असते. खेळाच्या तासानंतर घामाघूम, चिडचिडे किंवा एकाएकी गप्प झालेले मधुमेही मूल शिक्षकाला बेशिस्त वाटू शकते. साहाय्यकाने मात्र आधी साखर तपासावी, ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. इन्शुलिनची मात्रा कमीजास्त करणे हा निर्णय तिचा नव्हे, मूल आणि पालक कितीही आग्रह करोत. आकडीच्या मुलाबाबत तर काय करायचे यापेक्षा काय करू द्यायचे नाही हेच महत्त्वाचे: कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, मुलाला कुशीवर वळवायचे, घड्याळ पाहायचे, आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवायची. घड्याळ पाहणारी एक व्यक्ती खोलीत असणे, हा गोंधळलेल्या गर्दीत मोठाच आधार असतो.

मुले सिक रूममध्ये जे बोलतात, ते वर्गात बोलत नाहीत. दर सोमवारी डोके दुखणारी मुलगी चौथ्या सोमवारी घरातल्या कोणाविषयी काही सांगते, तेव्हा साहाय्यकाची हद्द एका बाजूने अत्यंत अरुंद आणि दुसऱ्या बाजूने सक्तीची होते: तिने उलटतपासणी घेऊ नये, घरच्यांना बोलावून समेट घडवू नये, शाळेचे नाव जाईल म्हणून गप्प बसू नये, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार माहिती पोलिसांना देणे तिच्यावर बंधनकारक आहे, आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी तिच्यासाठीही खुली आहे. ‘हे कोणाला सांगणार नाही’ असे वचन तिने मुलाला कधी देऊ नये. इतर सर्व बाबतींत मात्र, म्हणजे पाळी, अंथरूण ओले होणे, उवा, एखाद्या औषधाचे नाव, तिची वही शिक्षकांच्या खोलीत उघडी पडता कामा नये.

परदेशांत साहाय्यकाला काम सोपवणारी नोंदणीकृत परिचारिका असते. कोणते मूल, कोणते काम, किती दिवस हे ती ठरवते आणि त्याची जबाबदारी तिच्याकडेच राहते. अशी परिचारिका प्रत्येक शाळेला मिळणे इथे नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. पण शाळांचा एक गट आणि त्यावर एक परिचारिका ही गोष्ट बारामतीसारख्या ठिकाणी, जिथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही आहेत, अशक्य मानण्याचे कारण नाही. तोवर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने निवासी शाळेच्या स्थायी सूचनांवर सही करावी, त्याचा दूरध्वनी क्रमांक सिक रूमच्या भिंतीवर असावा, आणि तपासणी पथकाच्या प्रत्येक संदर्भचिठ्ठीची प्रत साहाय्यकाच्या फायलीत राहावी. रुग्णालयातून परतणाऱ्या मुलाबरोबर उलट चिठ्ठीही यायला हवी. आज आई ‘गोळ्या दिल्यात, बरं वाटेल म्हणाले’ एवढेच सांगते, आणि मुलाला खेळाच्या तासाला बसवायचे की पळू द्यायचे, गोळी रिकाम्या पोटी चालेल का, पुन्हा कधी दाखवायचे, यांतले काहीही शाळेला कळत नाही; डॉक्टरने त्याच केसपेपरच्या खाली शाळेसाठी दोन ओळी लिहिल्या, तर पुढचे पंधरा दिवस त्या मुलाकडे कसे पाहायचे ते साहाय्यकाला नेमके ठाऊक असते.